हळदीच्या गालावरची बोटं

१

राजनंदिनीनं काळं फडकं उचललं आणि तिला स्वतःचंच तोंड ओळखू येईना. कागदावरच्या पिवळ्या चेहऱ्यावर, दोन्ही कानशिलांपासून हनुवटीपर्यंत, लाल बोटं ओढलेली होती. कुणी रक्तात हात बुडवून गालावरून फिरवावा तशी.

ती ओरडली नाही. पण गारखेड्यात सांगतात, तिनं श्वास असा आत ओढला की शेजारच्या दोरीवरचे कपडे तिच्या खिडकीकडं झुकले. हे सांगते ती चतुराबाई, म्हणजे त्यातलं निम्मं सोडून द्यायचं. कपडे तिचेच होते.

चतुराबाई ही पोलिसातून रिटायर झालेली जमादारीण. नोकरीत असताना तिच्यासमोर चोर बसवला की ती फक्त चहा मागवायची, आणि चहा येईपर्यंत चोर मागल्या वर्षीच्या चोऱ्याही कबूल करून मोकळा व्हायचा. हेही तीच सांगायची. पण त्या दिवशी शेजारी तासभर चढलेला आवाज ऐकून ती मेथीची जुडी तशीच टाकून भिंतीवरून डोकावली, आणि राजनंदिनीचं तोंड बघून गप्प झाली. चतुराबाई गप्प होणं ही मोठी गोष्ट होती.

"मावशी, हे बघा. बघा माझ्या सासूनं काय केलं ते."

"आधी पाणी पी. मग सासू."

राजनंदिनी फोटो छापायची, पण मशीनवर नाही. सासूनं कुटून दिलेली हळकुंडं स्पिरिटात भिजवायची, तो रस कागदाला लावायची आणि कागद अंधारात वाळवायची. मग त्यावर पारदर्शक पट्टीवरचा फोटो ठेवायचा, वरून काच दाबायची आणि गच्चीवर उन्हात मांडायचं. ऊन लागेल तिथली हळद उडते, सावलीखालची राहते. दिवस मावळेपर्यंत कागदावर पिवळं माणूस उभं. मात्र हा फोटो पक्का होत नाही. उजेडात राहिला की रोज थोडा थोडा उडतो. बघायचं तेवढंच बघायचं, की पुन्हा काळं फडकं.

रविवारी तिचं प्रदर्शन होतं. सगळे बायांचे चेहरे, सगळे हळदीचे. मधोमध तिचा स्वतःचा. तिच्या लग्नात तिला हळद लागली नव्हती. देवगाव रंगारीच्या जमीनदाराची पोर, दुसऱ्या जातीतल्या सम्यकशी कोर्टात लग्न केलं, आणि बाप तात्यासाहेबांनी दार लावून घेतलं. मागल्या साली तात्यासाहेब गेले, तेही तिला दहाव्यानंतर कळलं. न लागलेली हळद तिनं अशी स्वतःच लावून घेतली होती.

"कागद गेला तर दुसरा करीन मावशी," ती म्हणाली. "पण ज्या घरात माझ्या तोंडाला कुणी असं करतं, तिथं मी कशी राहू? मी सम्यकला सांगितलंय. त्या तरी राहतील, नाहीतर मी."

"मग?"

"आत्याबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बॅग भरतायत. उद्या सकाळच्या गाडीनं लेकीकडं जालन्याला."

ज्या सासूवर, सुकेशनीवर, एवढा आळ आला ती भांडत नाही, बॅग भरते. चतुराबाईच्या पोलिसी डोक्यात हे कुठंतरी खडा टोचावा तसं टोचलं.

२

तिनं कागद खिडकीपासून लांब नेला आणि हुंगला.

"रक्त नाय. रक्ताला वास असतो. आन् रक्त एवढं लाल राहत नाय, काळं पडतं."

"हळद लाल होते मावशी. सोडा लागला, साबण लागला, चुना लागला, की झाली लाल. आत्याबाई काल कपडे धूत होत्या. साबणाचे हात घेऊन आल्या असतील."

"कशापायी?"

"त्यांना आवडलं नव्हतं हे. मागल्या आठवड्यात म्हणाल्या, झालं ते झालं, आता स्वतःच्या तोंडाला हळद फासून लोकांना कशाला दाखवायची. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. काल रात्री बहुतेक मला मनवायला कारळाची चटणी वाढली. मी रागातच बसले होते जेवायला. तरी दोन भाकरी खाल्ल्या बघा. खाता खाता रडूच आलं. का आलं ते मला अजून कळंना."

चतुराबाईनं मान डोलावली. तिचं लक्ष हनुवटीपाशी होतं. तिथं एक पांढरा कण वाळून चिकटला होता. तिनं तो नखानं काढला आणि जिभेवर ठेवला. जीभ चुरचुरली.

"साबण नाय. चुना हाय. खायचा."

राजनंदिनीनं वाकून तिचं नख बघितलं.

"तुझ्या घरात तंबाखू कोण खातं?"

"कुणीच नाही. सम्यक सुपारीसुद्धा..." ती थांबली. "भिकन खातो. काल फ्रेमचं माप घ्यायला आला होता. त्यानं माप घेतलं तेव्हा फोटो चांगला होता, मी स्वतः बघितला. मग मी गच्चीवर गेले. दिवसभर ऊन होतं, मी खाली उतरलेच नाही."

"आन् तो?"

"तो खालीच होता. आणि त्याच्यामागं अंगदही येऊन गेला म्हणे, स्पिरिट मागायला."

३

औरंगपुऱ्यात भिकनचं फ्रेमचं दुकान इतकं अरुंद होतं की गिऱ्हाईक आत गेलं की भिकनला बाहेर यावं लागायचं. चतुराबाई आत गेली. भिकन बाहेर आला.

"या बाई. कोण गेलं?"

"कोण गेल्याशिवाय तुझ्याकडं येऊ नाय व्हय?"

"तसं नाय. पण बाया हार घालायचाच फोटो आणतात. जित्या माणसाला फ्रेम करायची लोकांना हौसच ऱ्हायली नाय. सगळं मोबाईलात."

डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्यानं चुना. चतुराबाई त्याचे हात बघत होती.

"राजनंदिनीच्या फोटोला तुझं बोट लागलं."

भिकन मळायचा थांबला. "बाई, तीस वर्सं मी लोकांच्या मेलेल्या आयांचे फोटो हाताळतोय. कड सोडून कुठं हात लावला असंल तर हात झडून जाईल माझा."

"थोडा झडलाच हाय की."

तो हसला आणि उजव्या हाताचं दुसरं बोट पुढं केलं. पेरापर्यंतच होतं. "काचेनं नेलं. नवा व्हतो तवा."

कागदावरची बोटं दोन्ही हातांची होती आणि एकही तोकडं नव्हतं. चतुराबाईला जरा वाईटच वाटलं. भिकन गुन्हेगार म्हणून सोयीचा होता. त्याला दम देऊन नवा कागद करून घेतला असता आणि सगळे आपापल्या घरी गेले असते.

"एक सांग, तंबाखू मळताना दोन्ही हातांना चुना लागतो का रं?"

"मळताना नाय. मळून झालं की असे दोन्ही हात एकमेकांवर झटकले, की लागतो. लई जुनी खोड असलेली माणसं झटकतात. गावाकडली."

"तू निघालास तवा घरात कोण व्हतं?"

"म्हातारी एकटीच. मला म्हणली, बाबा, झालं असंल तर नीघ. लई घाई केली बघा तिनं माझी. चहासुद्धा इचारला नाय. अशी नाय हो ती. तिच्या घरून मी कधी बिनचहाचा आलो नाय."

४

अंगद तिला दुकानाबाहेरच सापडला, सगळं ऐकत उभा. तोही फोटो छापायचा, पण निळे. प्रदर्शनाचा हॉल त्याला पाहिजे होता, मिळाला राजनंदिनीला, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"काकू, माझ्यावर शक घ्यायला आलात का?"

"तुझ्यावर नाय घेणार तर कुणावर घेऊ? तुझं तोंडच तसं हाय."

अंगदला हसू आलं, पण लगेच गेलं. "मी स्पिरिट मागायला गेलो होतो. सुकेशनी काकूंनी दारातूनच बाटली दिली, आत घेतलंच नाही. आणि खरं सांगू? मला तिचं काम बिघडवायचं असतं ना, तर बोट कशाला लावलं असतं? फडकं काढायचं, खिडकी उघडायची, निघून जायचं. उन्हानं काम केलं असतं. चेहरा उडाला असता आणि नाव कुणाचंच आलं नसतं."

"शिकला सवरला हायस."

"आणि दुसरं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्या बाईला माहीत नाही? ज्यानं हात लावला त्याला कागदावर हळद आहे हेच माहीत नव्हतं. नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर त्याला ती दिसली नाही."

चतुराबाई रिक्षात बसली. हळकुंडं कुटून देते सुकेशनी. कागदावर काय आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत? म्हणजे सुकेशनीचा हात नाही. पण भिकनला घालवलं तिनं, अंगदला दारात थोपवलं तिनं, आणि आळ घेऊन बॅग भरतेय तीच. घरात आणखी कुणीतरी होतं. सुकेशनी त्याच्यावर पांघरूण घालत होती.

आता तिच्यातली जमादारीण खूश झाली होती. तिला वाटलं, एखादा चोर असावा, सम्यकचं काही लफडं असावं, गेलाबाजार एखादा भोंदू बुवा असावा. असं काहीतरी असतं तर बरं झालं असतं, असं नंतर तिला फार वाटलं.

५

तिनं राजनंदिनीकडून कागद मागून घेतला आणि आपल्या घरात पडदे ओढून टेबलावर ठेवला. लाल खुणांवर आपले हात ठेवून बघितले.

मारायच्या बेतानं ठेवला तर हात बसेना. मारणाऱ्याचा हात एका बाजूनं येतो. पुसून टाकायच्या बेतानं ठेवला, तरी बसेना. पुसणारा आडवा जातो, फरपटतो. या खुणा दोन्हीकडून सारख्या होत्या, वरून खाली आलेल्या, आणि इतक्या हलक्या की कागदाचा तंतूही उठला नव्हता.

मग तिनं दोन्ही हात एकदम उचलले, चेहऱ्याच्या कपाळाशी नेले आणि कानशिलांवरून खाली ओढले. बोटं खुणांवर चपखल बसली. आणि पुढचं तिच्या हातांनी तिला न विचारताच केलं. ते वळले, तिच्या स्वतःच्या कानशिलांवर टेकले आणि बोटं कडाकडा मोडली.

चतुराबाई तशीच बसली. हात डोक्याला लावून.

अलाबला. कुणीतरी या कागदाची अलाबला घेतली होती, इडापिडा आपल्यावर ओढून. पोर परीक्षेला निघाली की घेतात, माहेराहून निघाली की घेतात, तशी. पोर समोर असली तर तिची घेतात. कागदाची कोण घेईल? जिला पोर समोर घेता येत नाही, ती.

आणि मग कारळाची चटणी आठवली. दोन भाकरी, आणि का आलं ते न कळलेलं रडू.

ती उठून शेजारी गेली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. सुकेशनी पलंगावर बसून लुगड्याची घडी घालत होती. एकच घडी, पुन्हा पुन्हा.

"सुकेशनीबाई, चटणी कुठली व्हती?"

"बाजारातली."

"बाजारातली चटणी खाऊन कुणी रडत नाय."

सुकेशनीनं घडी मोडली.

"ती आली व्हती ना? सत्यभामाबाई. राजनंदिनीची आई."

"तुम्ही पोलिसातल्या बाया," सुकेशनी हळूच म्हणाली, "माणसाला एक वचनसुद्धा नीट पाळू देत नाही."

६

मग तिनं सांगितलं. राजनंदिनी दारात येऊन उभी राहिली होती, आणि चतुराबाईनं बघूनही तिला परत पाठवलं नाही.

तात्यासाहेब गेले तेव्हा सत्यभामाबाईनं फोन केला तो सुकेशनीलाच. त्यानंतर दोघी बोलायच्या, राजनंदिनी गच्चीवर असली की. पोर काय खाते, झोपते का नीट, एवढंच. काल त्या डोळे दाखवायला शहरात आल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक तर पार पिकलेला. उद्या ऑपरेशन. दवाखान्यातून सुकेशनीला फोन करून, चटणीचा डबा घेऊन रिक्षानं त्या इथं आल्या.

"मी म्हटलं, वर हाय ती, हाक मारते. तर माझा हात धरला त्यांनी. म्हणाल्या, तात्यासाहेबांनी स्वतःच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली व्हती, पोरीचं तोंड पाहणार नाय म्हणून."

"अहो, पण ते गेले की," चतुराबाई म्हणाली.

"मीही तेच म्हटलं. तर म्हणतात, जिते असते तर भांडून भांडून शपथ सोडवून घेतली असती. आता मेल्या माणसाला फसवू का? सोडवणाराच गेला बाई."

वर गच्चीवर बादली सरकल्याचा आवाज येत होता. सत्यभामाबाई छताकडं तोंड करून ऐकत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, फोटो असंल तर दाखव. फोटो म्हणजे तोंड नाय.

"मी फडकं काढलं. त्यांना काही दिसंना. त्या डोळ्यांना पांढऱ्यावरचं पिवळं कुठलं दिसायला? मला म्हणाल्या, कुठं हाय? कपाळ कुठं हाय? मी त्यांचे हात धरून दाखवलं. हे कपाळ, हे कान. तर त्यांनी..." सुकेशनीनं हात उचलले आणि तसेच खाली ठेवले. "त्या नुकत्याच तंबाखू मळून बसल्या व्हत्या, चुन्याचं माझ्या ध्यानातच आलं नाय. त्या गेल्यावर बघते तर लाल व्हायला लागलं व्हतं. मी फडकं टाकलं. म्हटलं, माझ्यावर येऊ दे. सासू म्हटल्यावर कुणालाही खरंच वाटंल."

तिनं घडीचं लुगडं उचललं आणि बॅगेत ठेवलं.

राजनंदिनी आत आली. तिनं सासूच्या बॅगेतून लुगडी काढली आणि एकेक करून कपाटात ठेवली. घड्या नीट बसत नव्हत्या. मग ती तिच्या पायाशी खाली बसली.

"आत्याबाई, मी तुम्हाला काय काय बोलले."

"बोललीस. मला लागलं बी. पण आता ते ऱ्हाऊ दे. कुठल्या दवाखान्यात हाय ते सांगू का?"

७

ऑपरेशन सकाळी झालं. राजनंदिनी आणि चतुराबाई गेल्या तेव्हा म्हातारीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती, आणि डावा डोळा दुधाच्या कवडीसारखा पांढरा. पट्टी संध्याकाळी काढणार होते. तेवढा वेळ सत्यभामाबाईला कुणाचंच तोंड दिसणार नव्हतं.

चतुराबाई खुर्चीवर बसली. राजनंदिनी खाटेशी उभी राहिली.

"आई."

म्हातारीचा हात चादरीवर थांबला.

"कुणी सांगितलं?" मग जरा वेळानं, "सुकेशनीबाईनं?"

"नाही. या चतुरामावशींनी शोधून काढलं."

"लई रिकामटेकड्या दिसतात." हात चादरीवरून चाचपत पुढं आला. राजनंदिनीनं तो धरला. तो हात तिच्या मनगटावरून खांद्यावर गेला, खांद्यावरून केसांवर. "केस कापलेस व्हय?"

"हो."

"आन् हाडं लागतायत. जेवत नाय का?"

"जेवते गं. तुझी चटणी खाल्ली परवा. मला कळलं नाही तुझी आहे ते." तिनं आईचा हात गालाशी धरला. "फोन तरी करायचास आई. ऐकायचं नाही अशी तर शपथ नव्हती."

"ऐकलं असतं तर बघावंसं वाटलं असतं."

मग दोघी बोलत राहिल्या. गोठ्यातली म्हैस विकली ते, लिंबाचं झाड वाऱ्यानं पडलं ते, तात्यासाहेब शेवटी शेवटी पोरीच्या खोलीतच झोपायचे ते. "नाव घेतलं नाय कधी," सत्यभामाबाई म्हणाली. "पण तिथंच झोपायचे." चतुराबाईनं आयुष्यात एवढ्या जबान्या ऐकल्या होत्या, पण त्या दुपारी ती खिडकीबाहेर बघत बसली. तिला तीन वेळा गंमत सांगायची होती आणि तीनही वेळा जमलं नाही.

संध्याकाळी सिस्टर आल्या आणि पट्टी काढली. सत्यभामाबाईनं डोळा घट्ट मिटून घेतला.

"आजी, उघडा डोळा."

म्हातारीनं मान हलवली.

"आई, उघड ना," राजनंदिनी म्हणाली. "ते गेले आता. कोण विचारणार आहे?"

"कोणी इचारणार नाय, म्हणून तर."

"असा जोर लावू नका आजी," सिस्टर वैतागल्या. "आत्ताच ऑपरेशन झालंय. डोळ्याला त्रास होईल."

राजनंदिनीनं आईच्या मिटलेल्या डोळ्याकडं बघितलं. पापणी थरथरत होती, कडेनं पाणी येत होतं. तिनं आईचा हात चादरीवर ठेवला. चतुराबाईला वाटलं, आता ही पोर भांडेल, रडेल, खाटेला धरून बसेल. ती उठली. दाराशी गेली, पडदा ओलांडला आणि बाहेरून म्हणाली, "गेले मी. उघड."

सत्यभामाबाईनं डोळा उघडला. पहिल्या दिवशी सगळ्यांना धूसर दिसतं म्हणतात. पण चतुराबाई आजही शपथेवर सांगते, की त्या बाईला तेव्हा भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसत होती.

"गेली का?"

"गेली," चतुराबाई म्हणाली.

दाराचा पडदा जमिनीला टेकत नव्हता. त्याच्या खाली दोन पाय उभे होते, पाठमोरे. म्हातारीची नजर तिथं गेली आणि तिथंच राहिली. सिस्टर थेंब घालायला आल्या तर तिनं हातानं थांबवलं. पाय हलले नाहीत.

"टाचा किती फुटल्यात तिच्या," सत्यभामाबाई शेवटी म्हणाली. "जरा तेल लावत जा म्हणावं."